अमावस्येनंतरचा बुधवार

"मंगळवारी मी टेबलावर जाणार नाही," आत्या म्हणाली. "बुधवारी करा म्हणावं तुझ्या डॉक्टर इंगवल्यांना."

दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी घाल म्हणून सांगावं, तशा सुरात तिनं हे सांगितलं. उशाशी दिलीप उभा होता. दिलीप तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तो खिळ्यावरून काढून चक्क दवाखान्यात घेऊन आला होता, आणि मंगळवारच्या चौकोनातल्या काळ्या ठिपक्यावर त्याचं बोट होतं.

"अमावस्या हाय," तो म्हणाला. "आईची छाती उघडायची, आणि ती बी अमावस्येला? डॉक्टर झालीस म्हणून काय बी करशील व्हय?"

"मंगळवारी थिएटर मोकळं आहे, म्हणून म्हणतेय."

"मोकळं का हाय, ते बी सांग की. लोक काय येडे हायत काय?"

वॉर्डातले बाकीचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक कान देऊन ऐकत होते. सगळे दिलीपच्या बाजूचे होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गोष्ट बरीच जुनी आहे. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात मी भूल देणारी डॉक्टर होते. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं, आताही तापतं.

"बुधवारी आधीच दोन पेशंट आहेत," मी म्हणाले. "आत्या तिसरी होईल."

"हुंदे की तिसरी. तिसरी झाली म्हणून काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ते भरल्या वॉर्डात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी कॅलेंडर त्याच्या हातातून घेतलं, गुंडाळलं, पुन्हा त्याच्याच हातात दिलं आणि बाहेर पडले.

काय बिघडतं हे मला कसं कळलं, ते आधी सांगायला हवं.

त्याच्या दोनेक वर्षं आधी आमचा विभाग एका नोंदणीत सामील झाला होता. काही दवाखान्यांनी मिळून ठरवलं होतं, की हृदयाच्या प्रत्येक ऑपरेशनची माहिती सगळ्यांनी एकाच पद्धतीनं भरायची. पेशंटचं वय, साखर, किडनीची अवस्था, हृदयाची ताकद, ऑपरेशन कुठलं झालं आणि महिन्यानंतर माणूस जिवंत आहे का. पुण्यात बसलेली मंडळी ते सगळं एकत्र करून आम्हाला कळवायची, की तुमच्याकडे आलेली माणसं जितकी आजारी होती त्या मानानं इतकी दगावतील असं धरलं होतं, प्रत्यक्षात इतकी दगावली. कुणाला शिक्षा नाही, पेपरात नाव नाही. आपलं तोंड आपण आरशात बघायचं, एवढंच. हे काम विभागात कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. महिन्यानंतरचे फोनसुद्धा मीच करायची. "बरे आहेत का?" असं विचारलं की कुणी म्हणायचं, बरे आहेत, रानात गेलेत. कुणी फोनवर नुसतंच रडायचं.

आरशात आमचं तोंड काही बरं दिसलं नाही. आमच्याकडे जास्त माणसं दगावत होती. डॉ. जयसिंग इंगवले आमचे प्रमुख सर्जन. त्यांचा हात इतका सुंदर, की त्यांना टाके घालताना बघायला दुसऱ्या गावचे डॉक्टर यायचे. त्यांच्या पचनी हे पडणं शक्यच नव्हतं.

"आपल्याकडं माणूस उशिरा येतो, मॅडम," ते म्हणाले. "सगळे देव आणि सगळे वैद्य करून झाले की मग आपण."

उशिरा येण्याचा हिशेब त्यात धरलेला आहे, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी हिशेबालाच नावं ठेवली.

मग मी गेलेल्या माणसांची माहिती घेऊन बसले. वय लावून बघितलं, साखर लावून बघितली, कशाचाच मेळ बसेना. एका दुपारी रिकव्हरीत चहा पिताना समोरच्या कॅलेंडरकडे नजर गेली आणि कप तसाच हातात राहिला. दगावलेल्यांच्या ऑपरेशनच्या तारखा काळ्या ठिपक्याच्या पाठोपाठ येत होत्या. सगळ्या नव्हे, पण डोळ्यांवर येण्याइतक्या.

पहिल्यांदा माझी मलाच लाज वाटली. एवढं शिकून सवरून बाईनं शेवटी अमावस्या शोधून काढावी. पण चंद्राचा त्यात काही संबंध नव्हता. अमावस्येला आमच्याकडे कुणी ऑपरेशन करून घेत नसे. त्या दिवशी थिएटर धुवायचं, एसी साफ करायचे, सिस्टरना राहिलेल्या सुट्ट्या द्यायच्या. मग तुंबलेले पेशंट दुसऱ्या दिवशी. एरवी दोन व्हायचे तिथं तीन. तिसरा थिएटरातून बाहेर यायचा तो संध्याकाळी, पाळी बदलण्याच्या गडबडीत. ज्या सिस्टरनं एकाच ताज्या पेशंटवर नजर ठेवायची, तिच्याकडे दोन असायचे. छातीतल्या नळीतून रक्त किती येतंय, लघवी होतेय का, हे जरा उशिरा लक्षात यायचं. हृदयाच्या पेशंटला तेवढा उशीर पुरतो.

हा सगळा कागद मी इंगवल्यांच्या टेबलावर वर्षभरापूर्वी ठेवला होता. त्यावर त्यांनी पेपरवेट ठेवला होता.

वॉर्डातून मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बुधवारी दोनच घ्या."

"तिसरी तुमचीच आत्या आहे की."

"तिच्यासाठी म्हणत नाही. वर्षभर म्हणतेय."

"मग त्यांना काय पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवू? डाव्या मुख्य रक्तवाहिनीत केवढा अडथळा आहे, फिल्म तुम्ही बघितलीय. गुरुवार, शुक्रवार भरलेत."

"मंगळवारी करा."

"मी कधी नको म्हटलंय? मला अमावस्या आणि पौर्णिमा सारखीच. तुम्ही तुमच्या माणसांना तयार करा, मी हात धुऊन उभा आहे."

"आणि दर अमावस्येनंतरच्या गर्दीचं?"

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमचा तो कागद ट्रस्टींपुढं ठेवला तर ते त्यात काय वाचतील, सांगू? अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी माणसं मरतात. एवढंच वाचतील. गावभर होईल. मग दुसऱ्या दिवशीपण कुणी यायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी मला चार घ्यावे लागतील."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

दुपारी दिलीप जेवायला गेला, तेव्हा मी पुन्हा आत्याकडे गेले. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. माझे आईवडील गेल्यावर तिचंच घर माझं माहेर होतं. अमावस्या पाळणारी बाई ती नव्हेच.

"तू कधीपासून हे पाळायला लागलीस?" मी विचारलं. "दिलीपची सोयरीक तू पितृपंधरवड्यात ठरवलीस, तेव्हा अख्खी भावकी तुझ्यावर उठली होती."

"बस की जरा. उभ्यानं भांडू नकोस."

मी खाटेच्या कडेवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. नोंदणी, तारखा, तिसरा पेशंट, पाळी बदलणं. ती वर्गात एखादी पोर फळ्यावर गणित सोडवताना ऐकावं तशी ऐकत होती.

"म्हणजे बुधवार वाईट नाही," ती म्हणाली. "तिसरा नंबर वाईट."

"हो."

"आणि मंगळवारी मी एकटीच."

"एकटीच. सर निवांत, सिस्टर ताज्या, मी दिवसभर तुझ्या उशाशी."

"तरी मी मरू शकते की नाही?"

मी खोटं बोलणार नव्हते. "शकतेस."

"मग ऐक. बुधवारी मेले तर दिलीप म्हणेल, आईचं आयुष्य तेवढंच होतं. चार दिवस रडेल आणि कामाला लागेल. मंगळवारी मेले तर म्हणेल, आरूनं मारली. जन्मभर म्हणेल. तुला दारात उभं करणार नाही. त्याला मी ओळखते आणि तूही ओळखतेस. माझ्यामागं तुझं माहेर बंद झालेलं मला चालायचं नाही."

मला वाटलं होतं, ती घाबरलीय. नाहीतर म्हातारपणी देवभोळी झालीय. त्यावर माझ्याकडे उत्तरं तयार होती. हे तिसरंच निघालं. मला रागानं रडू आलं.

"म्हणजे मला भाऊबीज मिळावी म्हणून तू तिसऱ्या नंबरवर जाणार?"

"हळू बोल. लोक बघतात."

"बघू दे. बंद होऊ दे ते घर. मला घर नको, तू पाहिजेस."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको आमच्याकडे टक लावून बघत होती. आत्यानं माझ्या अॅप्रनची वळलेली कॉलर सरळ केली.

"मंगळवारी कर," ती म्हणाली. "दिलीपला मी बघते."

तिनं त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही. मंगळवारी तो थिएटरबाहेरच्या बाकावर बसून होता आणि मी समोरून गेले तर तोंड फिरवत होता. ऑपरेशन मात्र असं झालं, की नेहमीच असं का होत नाही म्हणून जीव जळावा. इंगवले गुणगुणत टाके घालत होते. आयसीयूत सिस्टर मुजावरांना दुसरं कामच नव्हतं, त्या आत्याच्या नळीतला थेंब न् थेंब बघत होत्या. संध्याकाळी आत्यानं डोळे उघडले आणि माझा हात दाबला.

मी खाली आले, तर सूचनाफलकावर बुधवारची यादी लागली होती. त्यात तीन नावं होती. तिसरं नाव भैरू तोडकर.

भैरू तोडकर म्हणजे आत्याच्या शेजारच्या खाटेवरचा पेशंट. आजऱ्याकडचा, काजूच्या कारखान्यात कामाला. त्याचा नंबर सारखा पुढं ढकलला जात होता आणि त्याची बायको, हौसाबाई, दिसेल त्या डॉक्टरला "आमचा नंबर कवा?" म्हणून विचारायची.

इंगवले गाडीत बसत होते. मी त्यांना तिथंच गाठलं.

"सर, आत्याची जागा मोकळी ठेवायची होती."

"कशी ठेवू? त्याची बायको सकाळी सकाळी दारात येऊन बसली. म्हणाली, बुधवारची जागा मोकळी झालीय, आमाला द्या. तिला काय सांगू, जागा आहे पण तुला देत नाही?"

"तिला कुणी सांगितलं, जागा मोकळी झाली म्हणून?"

"वॉर्डात काय झाकून राहतंय, मॅडम?"

"मी तिसऱ्याला भूल देणार नाही."

"नका देऊ. मी बाहेरून कुणाला तरी बोलावतो. ते दिवसभर दुसरीकडं काम करून येतील." त्यांनी गाडीचं दार धरून माझ्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा तुम्ही असलेल्या बऱ्या."

तेही खरंच होतं. त्या आठवड्यात प्रत्येकाचं सगळं खरंच होतं.

बुधवारी तिसऱ्या प्रहरी भैरू तोडकर टेबलावर आला. उंच, काटक गडी. मास्क लावण्याआधी त्यानं विचारलं, "तुमच्या आत्याबाई कशा हायत?"

"बऱ्या आहेत."

"लई चांगली बाई. लई उपकार झालं त्यांचं."

कसले उपकार, हे मी विचारलं नाही. पुढची औषधं भरण्याच्या घाईत होते.

ऑपरेशन नीट झालं. तो आयसीयूत गेला तेव्हा पाळी बदलत होती. सिस्टर मुजावरांकडे तो आणि दुपारचा दुसरा पेशंट, असे दोघं होते. दुसऱ्याचं ब्लडप्रेशर अचानक खाली आलं, म्हणून त्या तिकडं धावल्या. त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. इकडं तोडकरच्या छातीतल्या नळीत गुठळी अडकली. नळीतून येणारं रक्त कमी झालं, ते बघून वरवर बरं वाटावं. रक्त आत हृदयाभोवती साचत होतं. लक्षात आलं तेव्हा आम्ही त्याची छाती पुन्हा उघडली, इंगवल्यांनी हृदय हातात धरून दाबलं. ते चाललं नाही.

सकाळी दिलीप जिन्यात माझी वाट बघत उभा होता. दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"बघ. अमावस्येला थिएटर उघडलंस. आईचं टळलं, ते त्याच्यावर गेलं."

आयाबाया, वॉर्डबॉय, सगळे तेच म्हणत होते. वर्षभर मी ज्या कारणासाठी घसा कोरडा केला, ते कारण डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि एका माणसाला ते दिसलं नव्हतं. हौसाबाई गाडीची वाट बघत पायरीवर बसली होती. तिच्यापर्यंतही ते पोचलंच असणार.

त्या आठवड्याच्या शेवटी इंगवल्यांनी मला बोलावलं. पेपरवेट बाजूला होता आणि कागद त्यांच्या हातात होता.

"पुढच्या महिन्यापासून दिवसाला दोनच," ते म्हणाले. "उरलेले शनिवारी. ट्रस्टींची मंजुरी मिळाली."

"कागद दाखवला?"

"नाही." ते खिडकीकडे बघत होते. "सांगितलं, अमावस्येचं सावट पुढं तीन दिवस राहतं. त्या दिवसांत दोनाच्या वर करायची नाहीत, माझे गुरूही पाळायचे."

"सर, हे खोटं आहे."

"चहा यायच्या आत मंजूर झालं."

"मग ही नोंदणी कशाला करायची? लोकांना खरं कळायला नको?"

"तुम्हाला माणसं वाचवायची आहेत, का वाद जिंकायचाय?"

मला दोन्ही पाहिजे होतं. मी तसं म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी घालून तो खणात ठेवला.

पुढच्या खेपेला पुण्याहून आकडे आले, ते चांगले आले. आमच्याकडे दगावणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं होतं. नोंदणीच्या बैठकीत सगळ्यांनी आम्हाला विचारलं, काय केलंत? मी म्हणाले, कामाची वाटणी सारखी केली. एका तरुण सर्जननं विचारलं, पेशंट थांबायला कसे तयार झाले? इंगवले पाण्याचा ग्लास शोधायला लागले. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या चावल्या.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दिलीपनं यथावकाश माझ्याशी बोलायला सुरुवात केली, माहेर बंद झालं नाही. माझ्या तोंडून तोडकरचा विषय आत्यापुढं कधी निघाला नाही, आणि तिनंही काढला नाही.

एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी तिच्याकडे होते. दिलीप आत पाट मांडत होता, पेढ्यांचा पुडा सोडत होता.

"दिलीप, आज अमावस्या आहे बरं," मी म्हणाले. "चालते का?"

"ही चांगली अमावस्या," तो म्हणाला. चेष्टा त्याला कळलीच नाही.

आत्या सोप्यात बसून वाती वळत होती. ती हसेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आरू, ती जागा मी दिली."

"कुठली जागा?"

"बुधवारची. तू त्या दिवशी माझ्याशी भांडून खाली गेलीस, आणि मी तोडकरच्या बायकोला हाक मारली. म्हटलं, माझी बुधवारची जागा मोकळी झालीय, सकाळीच जाऊन मोठ्या डॉक्टरांना गाठ."

"पण मी तुला सगळं समजावून सांगितलं होतं. तिसरा नंबर वाईट म्हणून तूच म्हणाली होतीस."

"समजलं होतं गं. गणित मला कळतं." तिनं वळलेली वात ताटलीत ठेवली. "पण ती बाई माझ्या खाटेशी बसून रडत होती. आणि माझ्याकडं द्यायला तेवढंच होतं."

मी तिला सांगायला लागले, की तू नसतीस सांगितलं तरी इंगवल्यांनी जागा भरलीच असती, की नळीत गुठळी कुणाच्याही अडकते, की दोष गर्दीचा होता. सगळं बरोबर होतं. तिनं मला बोलू दिलं.

"तुझ्या त्या नोंदणीत त्याचं नाव आहे ना?" तिनं विचारलं.

"नाव नसतं, आत्या. नुसता क्रमांक. वय, साखर, ऑपरेशन कुठलं, काय झालं."

"आणि जागा कुणी दिली, ते?"

"त्याला रकाना नाही."

"भैरू तोडकर," ती म्हणाली. "आजऱ्याकडचा. काजूच्या कारखान्यात होता. त्याची पोरगी त्या वर्षी दहावीला होती. कुठंतरी लिहून ठेव."

आतून दिलीप हाका मारत होता. पूजेची वेळ टळत चालली होती.